वादी गैरहजर

तात्या, परवा आपल्या दाव्याची तारीख होती आणि तुम्ही पहिल्यांदाच गैरहजर राहिलात. शिपायानं दारात उभं राहून तुमचं नाव पुकारलं. एरवी नाव पुरतं व्हायच्या आत तुमचं "हजर" यायचं, तेही एवढ्या मोठ्यानं की टाइप करणाऱ्या बाईंचा हात थांबायचा. परवा त्यानं दोनदा पुकारलं. तुम्ही गेलात हे त्याला ठाऊक होतं, आत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण कागदावर नाव आहे तोवर पुकारायला लागतंच. आणि तुमच्या रक्षाविसर्जनाला उभी राहिलेली मी, तरीही वळून दाराकडं बघितलंच. दारात कुणी नव्हतं.

गावात तुमच्याशी बोलायची मला बंदी होती. ती बंदी घालणारे आबा परवापासून स्वतःच रोज तुमच्याबद्दल बोलतायत, तेव्हा आता ती पाळायची कशाला? म्हणून बोलते. तुम्हाला मध्येच तोडायची सवय होती, या वेळी तेवढं जमणार नाही तुम्हाला. ऐका.

तुम्ही माझे सख्खे थोरले चुलते, माझ्या बापाचे, म्हणजे आबांचे, एकुलते एक भाऊ. आणि कोर्टाच्या कागदावर तुम्ही वादी, आबा प्रतिवादी. बिद्रीच्या अलीकडच्या आपल्या गावात हे काही नवल नाही, पण आपल्या घरचं कारण ऐकून लॉ कॉलेजच्या वर्गात पोरं हसली होती. दूध संस्थेच्या निवडणुकीला आबा उभे राहिले आणि पडले. तुम्ही विरोधी पॅनेलला मत टाकलं असं त्यांना कुणीतरी सांगितलं. टाकलं होतं का, हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. तुम्ही म्हणायचात, "मत गुप्त असतंय सुपे. तू कायद्याची विद्यार्थिनी हायस, तुला एवढं कळाय पायजे." पुढच्या लावणीला आबांनी आपल्या रानातनं तुमच्या रानाकडं जाणारी वाट नांगरून टाकली आणि त्यावर ऊस लावला. रस्त्याकडचं रान आबांचं, आतलं तुमचं, तुमचं घरही आतच. ओढ्याकडनं लांबचा वळसा घालून तुम्ही ये-जा करायला लागलात. आणि त्या वाटेसाठी दावा घातलात.

पुढं काकी गेल्या. मूलबाळ नव्हतं. कारखान्यातल्या वजनकाट्यावरून तुम्ही रिटायर झालात आणि एक दिवस गावात बातमी आली की तात्या लॉ कॉलेजला जायच्या प्रवेश परीक्षेला बसलेत. साठीच्या घरातला माणूस, सीईटीच्या सेंटरवर पोरांच्या रांगेत! चावडीवर सगळी हसली. तुमचं म्हणणं सरळ होतं. वकील तारखा घेतो, तर तारखा माझ्या मला घेता येत न्हाईत व्हय?

आमच्या घरात मात्र कुणी हसलं नाही. मी बी.कॉम. होऊन घरी बसलेली, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत. तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, तू पण लॉला जा. मी म्हटलं, मला वकील व्हायचं नाही. ते म्हणाले, "त्यो वकील होऊन माझ्या पुढ्यात उभा ऱ्हाणार आन् माझ्या घरात वकील न्हाय, ह्ये चालायचं न्हाय." ईर्षा कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर आमच्याकडं या म्हणावं. एका भावानं विहिरीवर मोटर बसवली म्हणून दुसरा बसवतो, तशी मी कायद्याला बसवली गेले. आणि दोघांनाही एक गोष्ट सुचली नाही, की तालुक्यात लॉ कॉलेज नाही, आणि कोल्हापुरात गेलं की दोन्ही मोटरी एकाच वर्गात येणार.

पहिल्या दिवशी तुम्ही पहिल्या बाकावर बसलेले. धुवट पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. प्राध्यापक समजून पोरं उठून उभी राहिली आणि तुम्ही हातानं "बसा, बसा" केलंत. मी मागच्या दारातनं पळून जायच्या बेतात होते. तुम्ही वळून बघितलंत, बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केलीत. मी येऊन बसले. एवढंच झालं, तात्या, पण आज मागं वळून बघताना मला त्या दिवसाएवढं दुसरं काही आठवत नाही.

मग आपले नेम पडले. सकाळच्या एसटीत तुम्ही पुढं, कंडक्टरच्या जवळ. मी मागं बायकांत. गाडीत निम्मं गाव, म्हणून ओळख द्यायची नाही. स्टँडवर उतरून पोरांच्या गर्दीतनं रस्ता ओलांडला की तुम्ही चाल हळू करायचात आणि मी गाठायची. तिथनं कॉलेजपर्यंत आपण चुलता-पुतणी. परत येताना स्टँडच्या दारात पुन्हा वैरी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तुम्ही गुडघ्यापर्यंत भिजलेले यायचात, वर्गात बसून पँटचे पाय पिळायचात, आणि तुमच्या बुटांचा पचपच आवाज ऐकून मला बापाचा राग यायचा. आबांना मी तो कधी सांगितला नाही. तुम्हाला सांगितला तर तुम्हीच माझ्यावर उखडलात. बापाला नावं ठेवायची न्हाईत, भांडण आमच्या दोघांचं हाय, असं म्हणालात. म्हणजे तुमची वाट नांगरायचा अधिकार फक्त त्यांनाच, आणि त्यांना बोलायचा फक्त तुम्हाला. काय माणसं तुम्ही दोघं.

अभ्यासात तुम्ही काही फार हुशार नव्हता, खोटं कशाला बोलू? कंपनी कायद्यात तुमची एटीकेटी लागली. नसरीननं, आपल्या वर्गातल्या सगळ्यात तयार पोरीनं, कँटीनमध्ये बसवून तुमच्याकडनं तो पेपर काढून घेतला. पहिल्या वर्षी घोकून घोकून पाठ केलेली फौजदारी कलमं मध्येच बदलली, तेव्हा तुमचा संताप बघायसारखा होता. आता एखाद्याला चारशेवीस म्हणायचं झालं तर काय म्हणायचं, असं तुम्ही सरांना गंभीरपणे विचारलंत. सरही हसले.

पण पुराव्याच्या कायद्याच्या तासाला तुमचा खरा रंग दिसायचा. सर शिकवत होते की समोरच्यानं कबूल केलेली गोष्ट शाबीत करावी लागत नाही. तुम्ही हात वर केलात. "सर, नियम चांगला हाय. पर कबूल करतंय कोण?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण तुमच्या शेजारी बसून मला तुमचा चेहरा दिसत होता.

आपलं खरं भांडण लागलं ते अभिरूप न्यायालयाच्या वेळी. खोटी केस, खोटे पक्षकार, खुर्चीत बाहेरून आलेले एक वकील न्यायाधीश म्हणून. मी वादीतर्फे, नसरीन प्रतिवादीतर्फे. नसरीन बोलत असताना मला तिचं पटायला लागलं. पटलं तर काय करायचं माणसानं? माझी पाळी आल्यावर मी उभी राहून सांगितलं की आम्ही तडजोडीला तयार आहोत, दोन्ही बाजूंना बसवून हे मिटवता येईल. खुर्चीतल्या वकिलांनी चष्मा काढला. अहो बाई, ही स्पर्धा आहे, खोटी केस मिटत नसते, म्हणाले. आम्ही हरलो. मला वाटलं होतं तुम्ही पाठीवर हात ठेवाल, कारण ती केस वाटेची नसली तरी मी कुणासाठी बोलत होते ते तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही स्टँडपर्यंत चाल हळू न करता पुढं चालत राहिलात. दारात येऊन थांबलात, आणि तिथं बोलायचं नाही हा नेम मोडून बोललात.

"समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आत मिटवलं की त्ये आतनं सडतंय, सुपे. त्या खोट्या वादीला बी बोलायचं असंल की कायतरी. तू त्याचं तोंडच बंद केलंस."

मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आपण तेच भांडलो. शेवटच्या वर्षाला आम्ही सगळीच पुढं काय करायचं याच्या मागं लागलो होतो. नसरीनला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत कायदेशीर कामाची नोकरी मिळाली. तुम्ही तिला म्हणालात, करारनामे वाचून डोळ्याला चष्मा लागंल. तिनं तुम्हाला सुनावलं, की तात्या, भांडण लागू नये म्हणून आधीच नीट लिहून ठेवणं ही पण वकिलीच आहे, तुमच्या बापानं ती वाट लिहून ठेवली असती तर तुम्ही आज इथं नसता. तुम्ही त्यावर तिला चहा पाजलात. वर्गातली दोघं-तिघं न्यायाधीशाच्या परीक्षेच्या मागं लागली, एक बँकेत गेला, एक वडिलांच्या नोटरीच्या टेबलावर बसला. मी मध्यस्थीचं काम शिकायचं ठरवलं. कोर्टातच एका खोलीत दोन्ही पक्षकारांना समोरासमोर बसवायचं आणि त्यांचं त्यांना सोडवू द्यायचं, यासाठी आता माणसं लागतायत. तुमच्या मते ते वकिलीचं काम नव्हतंच. ती पंचायत झाली, म्हणायचात. काळा कोट घालायचा तर उभं राहून बोलायचं आणि निकाल घ्यायचा. मी म्हणायची, निकालात एक जिंकतो आणि एक हरतो, तात्या, आणि ते दोघं पुन्हा एकाच गावात राहायला जातात. तुम्ही म्हणायचात, मग काय, आत्ता कुठं दुसऱ्या गावात राहतायत?

हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. मी म्हटलं, तुमचा वाटेचा दावा तिथवर न्यायचा विचार आहे का? तुम्ही म्हणालात, गरज पडली तर. मग एकदम हळू आवाजात म्हणालात, गरज पडू नये. तो एक क्षण मी पकडायला हवा होता, पण समोरनं बस आली.

वर्गातले दोन तास मला विसरता येत नाहीत. पहिला वहिवाटीच्या हक्काचा. सर सांगत होते की वाटेचा हक्क एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर असतो, आणि दोन्ही जमिनी एकाच मालकाकडं गेल्या की तो हक्क संपतो. तुम्ही माझ्याकडं वाकून हळूच म्हणालात, "म्हंजे मी गेलो की दावा बी गेला म्हण की." मला लगेच लक्षात आलं नाही. दुसरा तास मृत्युपत्राचा. प्रत्येकानं एक मृत्युपत्र तयार करून फाइलला लावायचं होतं. पोरांनी बंगले, गाड्या, सोनं वाटून टाकलं. तुम्ही एका काल्पनिक शेतकऱ्याचं केलंत आणि मॅडमनी सहज विचारलं, की काका, तुम्ही स्वतःचं करून ठेवलंय का? तुम्ही उठून उभे राहिलात. "मी करणार न्हाय, मॅडम. आमचं ज्याला जायाचं त्याला कायद्यानं जातंयच." सगळे हसले, मीही हसले. वारसाहक्काचा धडा आपण त्याआधी शिकलो होतो. बायको नाही, मूल नाही, आईबाप नाहीत, बहीण नाही. मग कोण उरतं, हे तुमच्याएवढं स्पष्ट त्या वर्गात कुणाला ठाऊक होतं?

तात्या, हे मला विचारायचं राहिलं. ज्या भावावर तुम्ही दावा घातलात, ज्याच्यापायी म्हातारपणी सीईटी दिलीत, त्याच्या नावावर सगळं जाणार हे पक्कं माहीत असताना तुम्ही तो एक कागद का केला नाहीत? तुम्ही माझ्या नावानं करू शकला असता. देवळाच्या नावानं करू शकला असता. मी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आळस. मला तो आळस वाटत नाही. आणि आता वाटून तरी काय उपयोग, उत्तर द्यायला तुम्ही नाही. माझं मी समजून घ्यायचं.

वकिलीची सनद आली तेव्हा तुम्ही कोट शिवून घेतलात, तयार विकत मिळत असताना. शिंप्याकडं मला घेऊन गेलात आणि बाह्या लांब झाल्या म्हणून त्याच्याशी हुज्जत घातलीत. त्याच्या आधीच तुम्ही जुन्या वकिलाकडनं कागद काढून घेऊन स्वतःच दाव्यात उभे राहायला लागला होता. आबांच्या बाजूनं त्यांचे वकील यायचे. आबा कधीच नाही. तारखेला पक्षकारानं यायलाच पाहिजे असं नसतं, आणि आबांना तुमच्या समोर बसायचं नव्हतं.

शेवटच्या युक्तिवादाची तारीख लागली त्या दिवशी तुम्ही मला कॉलेजच्या जुन्या रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी बोलावलंत. आता दोघंही पास झालेले, तिथं जायचं काही कारण नव्हतं, पण आपल्याला बोलायला दुसरी जागाच नव्हती. तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागितलंत. म्हणालात, त्या तारखेला आबाला घेऊन ये.

मी विचारलं, कशाला? तुम्हाला युक्तिवाद न्यायाधीश मॅडमपुढं करायचाय.

"मॅडम ऐकतील त्यांच्या पगारात," तुम्ही म्हणालात. "मला त्यानं ऐकाय पायजे. घरात त्यो माझं ऐकत न्हाय, बांधावर ऐकत न्हाय. कोर्टात त्याला गप बसून ऐकाय लागंल. म्हणून तर एवढं शिकलो, सुपे. न्हायतर मला काय करायचीय वकिली ह्या वयात?"

तीन वर्षं शेजारी बसून मला हे कळलं नव्हतं. मी म्हटलं, आणते, पण माझीही एक अट आहे. बोलून झालं की निकालाच्या आत तुम्ही दोघं मध्यस्थीला बसायचं. तुम्ही चहा संपवलात. बसतो म्हणालात. आधी बोलू दे, मग बसतो.

मग तिथंच, गाड्याच्या कडेला, तुम्ही मला तो युक्तिवाद म्हणून दाखवलात. चहावाला भांडी धुवायची थांबवून ऐकत होता. मध्ये एके ठिकाणी तुम्ही अडखळलात. लहानपणी ऊस तोडताना आबांच्या पायावर कोयता बसला होता आणि तुम्ही त्यांना पाठकुळी घेऊन त्याच वाटेनं रस्त्याला आणलं होतं, हे तुम्ही सांगितलंत. मग स्वतःच मान हलवलीत. दाव्यात हे लिहिलेलं नाही, आणि दाव्यात नाही ते युक्तिवादात बोलता येत नाही. काढून टाक, म्हणालात, जशी काही मी ते लिहून घेत होते. मी म्हटलं, सांगा की, कोण अडवतंय? तुम्ही चिडलात. नियम म्हंजे नियम.

घरी येऊन मी आबांना सगळं नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की त्या तारखेला तात्या स्वतः बोलणार आहेत आणि त्यांना वाटतंय तुम्ही यावं. आबा गोठ्यात होते. रात्री जेवल्यावर आईला म्हणाले, माझा पांढरा शर्ट इस्त्रीला दे. तारीख अजून लांब होती, तात्या. तरी शर्ट इस्त्रीला गेला. हे तुम्हाला सांगायला मी फोन करणार होते आणि मग वाटलं, समोर भेटल्यावर सांगावं, तुमचं तोंड बघायला मिळेल.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या शेजारच्या रानातला गडी ओरडत बांधावर आला. तात्या गोठ्यात पडलेत, उठत न्हाईत. आबा धार काढत होते. त्यांनी ओढ्याकडचा वळसा घेतला नाही. जिथं वाट होती तिथनंच ते उभ्या उसात घुसले आणि ऊस मोडत, तुडवत सरळ तुमच्या दारात गेले. आम्ही मागनं पोचलो तेव्हा तुमचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांच्या हातांवर, तोंडावर पाल्याचे ओरखडे उठले होते. ते तुम्हाला दादा म्हणून हाक मारत होते. माझ्या बापाच्या तोंडून तो शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर म्हणाले, हृदय, लगेच गेले असणार. तुम्ही ती हाक ऐकली की नाही कोण जाणे. ऐकली असेल असं मी धरून चालते. एवढं मला करू द्या.

तर परवा तारखेला आबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसले. पुकारा झाला. आबांच्या वकिलांनी तुम्ही मयत झाल्याचं लेखी दिलं. न्यायाधीश मॅडम तरुण आहेत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, मयत वादीचे वारस कोण? वकील काही बोलायच्या आत आबा उठून उभे राहिले.

"मीच, मॅडम. त्याला दुसरं कोण न्हाय."

मॅडमनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा आबांकडं. प्रतिवादी तुम्हीच ना, असं विचारलं. आबा व्हय म्हणाले. मग त्यांनी टाइप करणाऱ्या बाईंना हळू आवाजात सांगितलं की दोन्ही जमिनी आता एकाच माणसाकडं येत असल्यानं वाद उरत नाही, दावा निकाली. हे सगळं आपण शिकलेलंच होतं. तुम्ही वाकून माझ्या कानात सांगितलेलं. तरी माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि माझ्या अंगावर काळा कोट होता, म्हणून मी खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधत बसले. आबा अजून उभेच होते. मॅडमनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? आबा म्हणाले, त्यो आज बोलणार हुता, आमी ऐकायला आलतो. मग पुढचं नाव पुकारलं गेलं.

मग आम्ही एसटीनं परत आलो. गावात उतरल्यावर आबा घराकडं न वळता रानाकडं चालायला लागले. मी मागनं. त्या सकाळी त्यांनी तुडवलेला ऊस अजून आडवाच होता, मधनं माणूस जाईल एवढी फट पडलेली. निम्म्यात जाऊन ते थांबले आणि म्हणाले, "सांग. काय बोलणार हुता त्यो?"

मी म्हटलं, आबा, बसून ऐकायला लागेल. ते मोडलेल्या उसावर बसले. मी कोट अंगावर तसाच ठेवला आणि उभी राहिले. "वादीतर्फे" असं मी म्हणाले आणि पुढं तुमचेच शब्द, तुम्ही चहाच्या गाड्यापाशी म्हटले तसे, तुमच्याच बोलीत. हे रान एका माणसाचं हुतं. त्याला दोन पोरं. वाटणी केली तवा पुढचं रान धाकट्याला दिलं, मागचं थोरल्याला. मागच्या रानाला वाट पुढच्यातनंच. बापानं ती कागदावर लिवली न्हाय. दोन भावांत वाट लिवून ठिवाय लागंल असं त्याच्या मनातच आलं न्हाय. आज प्रतिवादी म्हणतोय कागद दाखव. माझ्याकडं कागद न्हाय. पर वाट हुती. आई ह्या वाटंनं दोघांची भाकरी एकाच बुट्टीतनं आणत हुती, आन् ती अर्ध्यात बसून कुणाची कुठली ह्ये कधी इचारत न्हवती. एवढंच माझं म्हणणं हाय.

आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तुम्ही म्हणाला होता तसंच, गप्प बसून ऐकलं. झालं का, म्हणून विचारलं. मी झालं म्हटलं.

"कोयत्याचं न्हाय बोलला?"

मग मी सांगितलं, की आबा, ते दाव्यात लिहिलेलं नव्हतं. दाव्यात नाही ते बोलता येत नाही, म्हणून तात्यांनी ते गाळलं. आबांनी पायजमा वर केला. नडगीवर तो जुना वण, मी लहानपणापासून बघत आलेला. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, मग मी सांगतो. माझ्या पायावर कोयता बसला हुता. दादानं मला पाठकुळी घेतलं आन् ह्या वाटंनं पळत सडकंला आणलं. वाट हुती. मी नांगरली.

तात्या, मी खूप शिकले तुमच्या शेजारी बसून. उभं राहून मोठ्यानं बोलायला तुम्ही शिकवलंत, आणि मिटवायच्या आधी ऐकून घ्यायचं असतं हेही, जे मला परवापर्यंत पटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मी मध्यस्थीचं प्रशिक्षण सुरू करतेय आणि पहिल्या दिवशी मला कुणी विचारलं की काय येतं तुला, तर मी एवढंच सांगेन. आबा त्या दुपारी उसाचा तो पट्टा कापायला लागले. मी म्हटलं, आता कायद्यानं त्या वाटेचा हक्कच उरला नाही, आबा. ते कोयता न थांबवता म्हणाले, हक्काचं कोण बोलतंय?

तुम्ही वर्गात हात वर करून विचारलं होतं, कबूल करतंय कोण. तुमच्या भावानं केलं, तात्या.